ग्रामपंचायत-नगरपालिकेनं पर्यावरणासाठी खरंच काय करायचं? खान्देशातल्या लोकांनी सांगा

तापीकाठ :
राम राम मंडळी. येत्या ग्रामसभेत पर्यावरण हा विषय घ्यायचं ठरलंय आणि सरपंचताईंनी मुद्दे काढायचं काम माझ्याकडे दिलंय. गाव चोपडा तालुक्यातलं, तापीच्या अलीकडचं, काळी जमीन, केळी आणि कापूस, थोडा गहू-हरभरा. अडचण अशी की "पर्यावरण" म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं, झाडं लावा. दरवर्षी जूनमध्ये रोपं येतात, शाळेची पोरं येतात, फोटो होतात आणि पुढच्या आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) त्यातली हाताच्या बोटावर मोजण्याइतकी उरतात. माझी वसुंधरा अभियान २०२० पासून आहे, भूमी-वायू-जल-अग्नी-आकाश अशी पंचमहाभूतांवर मार्कांची पद्धत आहे, ती चांगली आहे, पण मार्कांसाठी फाईल तयार करणं आणि गावात फरक पडणं या दोन गोष्टी आहेत.

मला नुसती जनजागृती नको, भिंतीवर घोषणा रंगवणं नको. छोट्या ग्रामपंचायतीला स्वतःच्या अधिकारात, स्वतःच्या पैशात, काय जमतं ते सांगा. शहरातल्यांनी नगरपालिकेचं पण लिहा, कारण तुमच्या शहराचं सांडपाणी शेवटी आमच्याच नदीत येतं.

बोरीकाठची :
चांगला विषय काढला दादा. वाचतेय, सविस्तर रात्री लिहिते.

माजी_ग्रामसेवक :
तापीकाठभाऊ, आयुष्यभर ग्रामपंचायतीचं दप्तर लिहिलं म्हणून आधी पैशाचं सांगतो. "पैसा नाही" हे उत्तर सगळ्यात आधी येईल, ते अर्धंच खरं आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी ग्रामपंचायतीला यायचा त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे तो पाण्यावर आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, सांडपाण्याचा पुनर्वापर यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. म्हणजे पर्यावरणाच्या कामाला हक्काचा पैसा येत होता, तो कशात गेला हे ग्रामसभेत विचारायचं. बहुतेक ठिकाणी तो कशात गेला? वस्तूत. घंटागाडी घेतली, कचऱ्याचे डबे घेतले, गांडूळखताचे हौद बांधले, आरओचं मशीन बसवलं. वस्तू घ्यायला पैसे निघतात कारण बिल निघतं. ती चालवायला, पुसायला, दुरुस्त करायला पैसे निघत नाहीत. घंटागाडी आहे पण ड्रायव्हरचा पगार कुठून द्यायचा ते कुणी ठरवलेलंच नाही, मग ती समाजमंदिरामागे उभी राहते आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. हे मी एका गावाचं सांगत नाही, अशी गावं भरपूर पाहिली.

म्हणून माझं एकच सांगणं. आराखड्यात, म्हणजे "आमचा गाव आमचा विकास"चा जो आराखडा असतो त्यात, प्रत्येक कामापुढे दोन ओळी लिहायला लावा. सांभाळणार कोण आणि त्याला पैसे कुठून. या दोन ओळी नसतील तर ते काम मंजूरच करू नका.

बाकी अधिकार बरेच आहेत, लोकांना माहीत नसतात. घनकचरा नियमांप्रमाणे कचरा घरातच वेगवेगळा करून द्यायचा, उघड्यावर जाळायला बंदी. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच पाहिजे आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. ती नोंदवही कुठल्या कपाटात आहे हे विचारून बघा. गावठाणातला कुठला वड किती जुना, कुठल्या नाल्यात पाणी कधीपर्यंत असतं, कुठल्या बांधावर कुठली रानभाजी येते, हे तिच्यात असायला हवं. नीट केली तर पुढे कुणी वड तोडायला आला की दाखवायला कागद असतो.

केळीबाग_रावेर :
आमच्या भागाचा खरा प्रश्न कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, चांगलं झालं. पण केळीचा कचरा? घड कापला की खांब उभाच राहतो, त्याचं काय करायचं हा प्रश्न मृगबागवाल्यालाही (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आहे आणि कांदेबागवाल्यालाही (पावसाळ्यानंतरची). बरेच जण खांब रस्त्याच्या कडेला नाहीतर नाल्यात ढकलतात, पहिल्या पावसात सगळं जाऊन मोरीत अडकतं आणि पाणी वस्तीत. आणि त्याहून वाईट प्लास्टिक. घडाला घालायच्या पिशव्या, सुतळ्या, मल्चिंग पेपर, ठिबकच्या जुन्या नळ्या. नळ्या भंगारवाला नेतो, पिशव्या कुणी नेत नाही. मग संध्याकाळी बांधावर पेटवून देतात आणि तो धूर पूर्ण शिवारात बसतो, हिवाळ्यात तर जास्तच. ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे त्यांना विचारा.

ग्रामपंचायत काय करू शकते? एक शेड द्यावी, साधी पत्र्याची, गावाबाहेर रस्त्यालगत. आठवड्यातून एक वार ठरवावा, त्या दिवशी शेतातलं प्लास्टिक तिथं आणून टाकायचं, कोरडं आणि माती झटकून. भंगारवाल्याला एकट्या शेतकऱ्याच्या चार पिशव्यांसाठी यायला परवडत नाही, ट्रॉलीभर माल असला की तो स्वतः येतो. खांबांसाठी श्रेडर, म्हणजे कुट्टी करायचं यंत्र. एका शेतकऱ्याला घेणं जड, पण ग्रामपंचायतीनं नाहीतर बचत गटानं घेऊन तासावर भाड्यानं दिला तर चालतो. कुट्टी केलेला खांब शेतातच कुजतो, त्यात पालाश भरपूर, पुढच्या बागेचा खताचा खर्च थोडा तरी वाचतो. तोच श्रेडर पऱ्हाटीला पण चालेल असा घ्यावा, कारण कापसाच्या काड्या पेटवणं बंद करायचं तर त्यांना दुसरी वाट दिली पाहिजे. नुसतं "जाळू नका" म्हणून कुणी ऐकत नाही, आणि ऐकावं तरी का, पऱ्हाटी शेतात ठेवली तर बोंडअळी पुढच्या हंगामाला तयार.

पुण्यात_राहणारा_खान्देशी :
केळीचं निघालंच आहे तर विचारतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी ऊस आणि केळी दोन्हीवर बंदी आणली, सिंचनासाठी बोअर बंद केले, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद (किती पाणी आलं, किती वापरायचं) मांडतात. रावेर-यावलची नावं भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत येत आलीत. मग खान्देशातल्या ग्रामपंचायतींनी तसं का करू नये?

केळीबाग_रावेर :
दादा, रागावून नाही पण मनापासून सांगतो. हिवरे बाजार डोंगरउतारावरचं कमी पावसाचं गाव, तिथं केळी नव्हतीच म्हणा, न लावायचा निर्णय सोपा होता असं नाही पण तिथल्या लोकांचं पोट केळीवर नव्हतं. इथं पूर्ण तालुक्याचा बाजार, मजुरी, ट्रक, रेल्वेचे रॅक सगळं केळीवर आहे. ग्रामपंचायतीनं बंदीचा ठराव केला तर तो दुसऱ्या दिवशी कुणी पाळणार नाही आणि एकदा ठराव पाळला नाही की पुढचा कुठलाच पाळला जात नाही. ताळेबंद मात्र घ्यावा, शंभर टक्के घ्यावा. आमच्याकडे ठिबक जवळपास सगळ्यांकडे आहे पण ठिबक म्हणजे कमी पाणी असं होत नाही, वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लागते. म्हणून मोजणं पाहिजे.

धुळेकर_इंजिनियर :
केळीबागभाऊंचं शेवटचं वाक्य लाखमोलाचं आहे.

भूजलाबद्दल थोडं. सातपुड्याच्या पायथ्याशी जो दगडगोट्यांचा पट्टा आहे त्याला बझाडा म्हणतात, तिथं पाणी भसाभस मुरतं आणि तेच खाली तापीच्या गाळाच्या जमिनीत येतं. यावल-रावेर-चोपड्याच्या विहिरी त्या पट्ट्यावर जगतात. तापी खोऱ्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेचा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा करार मे २०२५ मध्ये झाला, ती याच पट्ट्यासाठी, पण ती मोठी योजना आहे, तिची वाट बघत बसू नका. पायथ्याच्या गावांनी आपापल्या नाल्यांचं काम आजच करावं.

दुसरा मुद्दा शिरपूर पॅटर्न. सुरेश खानापूरकरांनी शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून, ओळीनं सिमेंटचे बंधारे घालून जे काम केलं ते बघायला महाराष्ट्रातून लोक आले. पण लोक काय शिकून गेले? जेसीबी. तिथं गाळाच्या जमिनीत मधे चिकणमातीचा थर आहे, पाणी त्याच्या खाली उतरत नाही, म्हणून तो फोडायचा होता. तुमच्या गावात खाली काळा पाषाण असेल तर नाला नुसता खोल करून काय होणार? उलट आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नाल्यात झिरपून वाहून जायचं. म्हणून खोदकामाच्या आधी भूजल सर्वेक्षण विभागाचा माणूस बोलवा, ग्रामपंचायतीच्या पत्रावर तो येतो. आणि बंधारा बांधला की दर उन्हाळ्यात त्यातला गाळ काढायला लागतो. गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना त्यासाठीच आहे, गाळ शेतकऱ्यानं आपल्या शेतात न्यायचा. हे केलं नाही तर पाच-सहा वर्षांत बंधाऱ्याचं मैदान होतं.

पिण्याच्या विहिरीचं पण लक्षात ठेवा. १९९३ च्या भूजल कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या स्रोताला संरक्षण आहे, त्यात ५०० मीटरचं अंतर होतं. गावाच्या विहिरीशेजारी कुणी बोअर मारत असेल तर ग्रामपंचायतीनं गप्प बसायचं कारण नाही, लेखी तक्रार करायची.

पांझराकाठ :
मी साक्री तालुक्यातला. सगळे हिवरे बाजार, शिरपूर सांगताहेत, मी आपल्याच पांझरेची फड पद्धत सांगतो, कारण माजी ग्रामसेवक म्हणाले ते "सांभाळणार कोण" याचं उत्तर आपल्या वाडवडलांनी कधीच देऊन ठेवलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर ओळीनं दगडी बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यावरून एक पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, एका फडात ऊस तर दुसऱ्यात हंगामी पीक, दरवर्षी बदलायचं. आणि मेख इथं आहे, जवळपास प्रत्येक शेतकऱ्याची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी झालं की पंच ठरवायचे, यंदा एक फड कोरडा. म्हणजे नुकसान झालं तर सगळ्यांचं सारखं, वरच्याचं भिजलं आणि खालच्याचं वाळलं असं नाही. त्यामुळे भांडण कमी आणि पाण्याची चोरी कमी, कारण चोरी कुणाची करणार, स्वतःच्याच दुसऱ्या तुकड्याची?

आणि माणसं नेमलेली. पाटकरी पाणी द्यायचा, शेतकरी स्वतः पाटाला हात लावायचा नाही. जागल्या पिकाची राखण करायचा. त्यांना धान्यात मोबदला, ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त द्यायचं. वर्षातून एकदा पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं, नाही आला तर दंड. हे तीनशे-चारशे वर्षं चाललं. सरकारी अधिकारी नाही, इंजिनियर नाही, अनुदान नाही.

पुढे वर धरणं झाली, घरोघरी विहिरी-बोअर झाले, ज्याला स्वतःचं पाणी मिळालं त्याला पाटाची गरज उरली नाही, बरेच फड मोडले. काही ठिकाणी अजून चालतात. मी ती पद्धत जशीच्या तशी परत आणा असं म्हणत नाही, ते होणार पण नाही. पण त्यातली चार तत्त्वं ग्रामपंचायतीला आज लागू आहेत. काम करणारा माणूस नेमलेला, त्याचा मोबदला ठरलेला आणि लाभ घेणाऱ्यांकडूनच येणारा, टंचाई आली तर वाटा सगळ्यांचा सारखा कमी, आणि वर्षातून एक दिवस सगळ्यांचे हात मातीत.

मला या विषयाचं फार वाटतं कारण बाहेरून कुणी येऊन आपल्याला "लोकसहभाग" शिकवतो आणि आपण माना डोलावतो. अरे आपल्या पाटाला लोकसहभागाचे नियम होते.

खानदेसनी_माय :
पांझराकाठ दादा, तुमनं म्हननं एकदम खरं शे. आमना गावमा बी झाडे लावतस, फोटू काढतस नि निंघी जातस. पानी कोन घाली? मंग बकऱ्या खाई जातस.

माजी_ग्रामसेवक :
माय, त्याला तोड आहे. रोजगार हमीत झाडं लावायचा "बिहार पॅटर्न" म्हणतात तो बघा, साधारण २०० झाडांमागे मजूर ठरवून द्यायचा, तीन वर्षं पाणी, कुंपण, राखण त्याची आणि त्याला मजुरी त्याचीच. जितकी झाडं जगली त्यावर मजुरी ठरते त्यामुळे तो बकऱ्या येऊ देत नाही. विधवा, अपंग, वयस्क माणसांना हे काम चांगलं जमतं. रस्त्याच्या दुतर्फा आहे ना जागा.

खानदेसनी_माय :
आसं व्हयनं ते मी सोता करसू. आमना वाडामा तीन बाया शेतस.

सातपुड्याचा :
नंदुरबारहून. बारीपाड्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं नवल वाटलं, साक्री तालुक्यातलाच पाडा आहे. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ती याच कामाची. उजाड डोंगर होता, पाण्यासाठी बायांना लांब जावं लागायचं. गावानं स्वतःचे नियम केले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, तोडेल त्याला दंड, राखण आळीपाळीनं. आज जंगल उभं आहे, आणि तिथली वनभाजी स्पर्धा बघायला एकदा पावसाळ्यात जाच, बाया कितीतरी प्रकारच्या भाज्या ओळखून रांधून आणतात. जंगल ताटात येतं म्हणून टिकतं.

आमच्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे. चोपडा-यावल-रावेरचा वरचा भाग पण त्यात येतो, तापीकाठभाऊंनी शेजारच्या पाड्यांना विचारावं. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी अबंध मिळतो आणि त्यात वनाचं, पाण्याचं काम ग्रामसभा ठरवू शकते. वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांचं तर जंगलाचं नियोजन ग्रामसभेनंच करायचं असतं. अडचण कागदाची नाही, ग्रामसभेला लोक येत नाहीत ही आहे. रविवारी सकाळी बाजाराच्या वेळेला ग्रामसभा ठेवली तर कोण येणार. वेळ बदलून बघा, बायका संध्याकाळी मोकळ्या होतात का ते विचारा.

भुसावळ_जंक्शन :
आता शहराचं. आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ रोजचंच झालंय. पर्यावरण म्हणजे आमच्यासाठी सगळ्यात आधी ऊन. रस्ते रुंद झाले, जुने कडुनिंब गेले, बदल्यात दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावली. ती दिसायला छान, पण सावली कुणाला? रिक्षावाल्याला, भाजीवालीला, स्टेशनाकडे चालत जाणाऱ्याला सावली लागते. नगरपालिकेनं झाडांची जात ठरवताना एवढं एक बघावं, दहा वर्षांनी याच्या खाली माणूस उभा राहील का. कडुनिंब, करंज, पिंपळ, उंबर, चिंच. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात वृक्ष प्राधिकरण आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष धरली जातात. आपल्या प्रभागातली अशी झाडं मोजून त्यांची यादी नगरपालिकेत लेखी देऊन पोच घ्या, रुंदीकरणाच्या आधी. नंतर बोंब मारून उपयोग नसतो, करवत रात्रीच चालते.

अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, देशात पहिला. आपल्या शहरांना त्याची त्यांच्याइतकीच गरज आहे. खर्चिक काही नाही, बांधकाम मजुरांच्या कामाच्या वेळा बदलणं, बसस्टँडवर सावली आणि पाणी, दवाखान्यात एक थंड खोली, पत्र्याच्या घरांच्या छपराला पांढरा चुना. जुनी धाब्याची घरं आठवा, वर मातीचा जाड थर असायचा, दुपारी आत शिरलं की जीव शांत व्हायचा. आता सगळीकडे पत्रा. घरकुल मंजूर करतानाच छपराला चुन्याचा थर द्यायला सांगता येईल नगरपालिकेला.

पुण्यात_राहणारा_खान्देशी :
पुणे महापालिका सौर बंब, पावसाचं पाणी मुरवणं, गांडूळखत असं काही केलं तर घरपट्टीत ५ ते १० टक्के सूट देते. आपल्याकडच्या नगरपालिका देऊ शकतात ना?

धुळेकर_इंजिनियर :
देऊ शकतात. पण सूट दिल्यावर तपासणी पण करा, पावसाळ्याच्या आधी एकदा कुणीतरी येऊन पाईप जोडलेला आहे का बघायला हवं, नाहीतर फोटोपुरता पाईप. आणि छतावरच्या सौर विजेला २०२४ पासून पीएम सूर्यघरचं अनुदान आहे, एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६०, तीन आणि वर ७८ हजार. ते घरांसाठी. ग्रामपंचायतींनी आधी आपल्या पाणीपुरवठ्याच्या पंपाकडे बघावं. वीजबिल थकलं की कनेक्शन कापतात आणि गाव टँकरवर येतं. पंप सौरवर गेला तर दुपारी टाकी भरून घेता येते. आपल्याकडे ऊन तर आहेच, साक्रीला महाजेनकोचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे.

बोरीकाठची :
आली एकदाची. माझं सगळं कचऱ्यावर आहे कारण बचत गटाचं काम करते.

आमच्या शहरात गाडी येते, गाडीत ओला-सुकाचे दोन कप्पे पण आहेत, आणि आम्ही घरात वेगळा केलेला कचरा डेपोवर जाऊन एकाच ढिगात पडतो. हे बायकांनी डोळ्यांनी बघितलं त्या दिवसापासून वेगळं करणं बंद. कुणाला दोष देणार? पहिल्यांदा शेवटचं टोक नीट करा, मग घराघरात सांगा. वेंगुर्ला नगरपरिषदेनं डेपोचीच बाग केली, पर्यावरण पार्क म्हणतात त्याला, सुका कचरा कितीतरी प्रकारात वेगळा करून विकतात. ओल्या कचऱ्याचं खत शासनाच्या "हरित महासिटी कंपोस्ट" नावाखाली विकता येतं. आपल्या जिल्ह्यात खत घेणारे शेतकरी उंबरठ्यावर आहेत, कोकणात लांब शोधावे लागतात, आपल्याला तर हे जास्त सोपं जायला पाहिजे. फक्त त्यात काच आणि डायपर नको, तेवढ्यासाठी वेगळं करायचं. एकदा शेतकऱ्याच्या पायात काच घुसली की तो परत खत घेत नाही.

आणि हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या. शेतात काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याची भाकरी, आपला अभिमान आहे तो, पण दुसऱ्या दिवशी त्या शेतात जाऊन बघा, प्लेटा, ग्लास, पाण्याच्या बाटल्या. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलच्या प्लेटा आल्या, जुलै २०२२ ला देशभर बंदी आली, तरी दुकानात मिळतात. आम्ही गटानं स्टीलची ताटं-वाट्या-ग्लास घेतलेत, भाड्यानं देतो, धुऊन परत आणायची, हरवलं तर अनामत कापतो. लग्नाला, बारशाला, भरीत पार्टीला सगळ्याला जातात. ग्रामपंचायतीनं अशी भांडी एकदा घेऊन गटाकडे सोपवावीत, भाड्यातून सांभाळणाऱ्या बाईचा मोबदला सुटतो. माजी ग्रामसेवक दादा म्हणतात त्या दोन ओळींचं उत्तर यात आपोआप येतं. सातपुड्याचे दादा, तुमच्याकडच्या पळसाच्या पत्रावळींचा ठोक भाव काय आहे ते सांगा, जिथं ताटं पुरत नाहीत तिथं आम्ही त्या ठेवू.

सातपुड्याचा :
ताई विचारून सांगतो, दोन बाया करतात आमच्याकडे, त्यांना बारमाही गिऱ्हाईक मिळालं तर मुली पण शिकतील.

तापीकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. वाचून माझं तरी एक पक्कं झालं, गावात नवीन वस्तू एकही मागायची नाही, आधी माणूस मागायचा. पांझराकाठ दादांच्या पाटकऱ्यावरून सुचलं. आपल्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, आखाजीला ठरतो, आखाजी ते आखाजी. मग गावाचा पण एक सालदार का असू नये? नाले, पाणवठे, झाडं आणि प्लास्टिकची शेड एवढ्या चार गोष्टी त्याच्याकडे. आखाजीला लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, पोरं मुंबई-सुरतहून आलेली असतात, त्याच आठवड्यात एक दिवस सगळ्यांनी नाला साफ करायचा, पावसाच्या आधीची वेळ पण तीच. ठरावाचा मसुदा असा केलाय, चुका सांगा.

"गावातील नाले, सार्वजनिक विहिरी, लावलेली झाडे व प्लास्टिक संकलन शेड यांची देखभाल करण्यासाठी ग्रामपंचायत दर आखाजीला एक वर्षाकरिता एका व्यक्तीची नेमणूक करील. मोबदल्याची रक्कम निम्मी ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून व निम्मी विहीर-बोअरधारक शेतकऱ्यांकडून, बागायत क्षेत्राच्या प्रमाणात घेण्यात येईल. गावातील ठरवलेल्या पाच विहिरींची पाण्याची पातळी दर महिन्याला मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिण्यात येईल. प्रत्येक ग्रामसभेत ही व्यक्ती स्वतः कामाचा हिशेब सांगेल."

केळीबाग_रावेर :
बागायत क्षेत्राच्या प्रमाणात हे फार बरोबर. आमच्या गावात असा ठराव आला तर मी पहिला पैसे देईन. पातळी मोजणं पोरांकडे द्या, दहावी-बारावीची पोरं दोरी-मीटरनं मोजतात, मोबाईलवर नोंद ठेवतात. फळ्यावर आकडा रोज दिसला की नवीन बोअर मारायच्या आधी माणूस थांबतो.

पांझराकाठ :
एक भर घाला. पातळी ठरावीक आकड्याच्या खाली गेली तर काय, ते आताच लिहून ठेवा, टंचाई आल्यावर ठरवायला बसलं की भांडणंच होतात. म्हणजे उदाहरणार्थ फेब्रुवारीत पातळी इतकी खाली असेल तर त्या वर्षी उन्हाळी पीक सगळ्यांनी निम्मं. सगळ्यांनी, मोठ्या बागाईतदारानं पण. आकडा किती ठेवायचा ते तुमच्या विहिरी तुम्हाला दोन वर्षांत सांगतील.

माजी_ग्रामसेवक :
मसुदा चांगला आहे, तीन दुरुस्त्या. "व्यक्तीची नेमणूक" म्हटलं की ती ग्रामपंचायतीची कायम कर्मचारी झाली असा अर्थ उद्या कुणी काढेल आणि गटविकास अधिकारी आक्षेप घेतील, म्हणून "मानधन तत्त्वावर, ११ महिन्यांसाठी" असं लिहा, आखाजीला नव्यानं करार करा. शेतकऱ्यांचा वाटा सक्तीची वसुली वाटायला नको, "लोकवर्गणी" लिहा आणि पावती पुस्तक ठेवा, पावतीशिवाय एक रुपया घेऊ नका. आणि देखभाल नीट होते का ते बघायला पाच जणांची समिती, त्यात निदान तीन बाया, कारण नळाला पाणी आलं नाही की पहिलं त्यांनाच कळतं.

ठराव झाला की त्याच दिवशी प्रोसिडिंग बुकात उतरवून घ्या, सूचक-अनुमोदकाचं नाव, उपस्थितांच्या सह्या. "नंतर लिहितो" म्हणतील, नंतर लिहिलेल्या ठरावात शब्द बदलतात. सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि एक पंचायत समितीला पोच घेऊन द्या. नक्कल हातात आली की इथं टाका, मी वाचून देतो.

खानदेसनी_माय :
तापीकाठ दादा, ठराव व्हयना का सांगज्या. आमना सरपंचले दखाडसू.